फुलपुड्याचा कागद

पत्रक लिहायला मी कॉलेजात शिकले. बसच्या पासाची सवलत, वसतिगृहाचं पाणी, परीक्षेची वाढलेली फी. मथळा लांबून दिसला पाहिजे, अन्याय एका पानात मावला पाहिजे आणि वाचणाऱ्याचं डोकं तापलं पाहिजे. अकोटहून अमरावतीला आले तेव्हा मला याशिवाय फारसं काही येत नव्हतं. पण जे येत होतं ते जोरात येत होतं.

आमचं मंडळ म्हणजे वस्तीतल्या समाजमंदिराची एक खोली. शाळा सुटली की पाच ते सात तिथे मुलं येतात. गृहपाठ, कॅरम, एक कपाटभर पुस्तकं. आणि प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, आठवड्यातून दोन दिवस फक्त त्याचं ऐकणारं. त्याला आम्ही जोडीदार म्हणतो. याच शहरात शिकवणीवर्गांचे फलक चौकाचौकात लागतात, पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे दारांएवढे मोठे. त्या चेहऱ्यांखालून आमची मुलं पायी येतात आणि त्यांना साधं "आज शाळेत काय झालं" विचारायला शहराकडे दोन तास नाहीत. या विषयावर मी सुरू झाले की थांबत नाही, म्हणून इथेच थांबते.

मी जिची जोडीदार होते ती आठवीतली मुलगी. खोलीची किल्ली तिच्याकडे असायची. सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप काढायची, सतरंज्या घालायची, आणि लहानांनी चपला रांगेत ठेवल्या नाहीत तर त्यांना परत बाहेर पाठवायची. तिची आई मंदिराच्या कोपऱ्यावर फुलं विकते. माझी उरलेली पत्रकं तिथेच जायची. सुटी फुलं बांधून द्यायला तिला कागद लागायचा आणि माझ्याकडे कागद पुष्कळ.

आईची एक अट होती. नवा गठ्ठा आला की लेकीने आधी एक कागद मोठ्याने वाचून दाखवायचा. तिला स्वतःला वाचता येत नाही. मी एकदा विचारलं, कशाला हा खटाटोप, शेवटी पुडाच तर बांधायचा. ती म्हणाली, "फुलं देवाले जाते ताई. कशात बांधून राहिलो, थे मालूम पाह्यजे ना." त्यामुळे माझी सगळी आंदोलनं तिला तोंडपाठ होती. वसतिगृहात पाणी आलं का, हे तिने मला कितीतरी वेळा विचारलं असेल.

गेल्या वर्षी कॉलेजच्या परीक्षा आल्या आणि आमचे निम्मे जोडीदार, बहुतेक विद्यार्थीच, गळाले. मुलं यायची, समोर बसायला कुणी नसायचं. मी तणतणले आणि नवे जोडीदार मिळावेत म्हणून माझ्या सवयीप्रमाणे पत्रक लिहिलं. 'एका फुलवालीची मुलगी' असा मथळा. त्यात अंधारी खोली होती, शिक्षणाची आबाळ होती, वंचित हा शब्द दोनदा होता. आणि ठळक अक्षरांत एक वाक्य होतं: तिच्या घरी तिचा अभ्यास विचारणारं कुणीही नाही.

छापून आणलं. काही प्रतींवर शाई पसरली होती. त्यांचा गठ्ठा मी नेहमीसारखा मंदिराच्या कोपऱ्यावर टाकला आणि तशीच विद्यापीठाकडे गेले. कुणाच्या हातात काय दिलं, हे मनातसुद्धा आलं नाही. आजही त्या गोष्टीची लाज वाटते.

पुढचे दोन दिवस मुलगी आली नाही, खोलीला कुलूपच राहिलं. तिसऱ्या दिवशी किल्ली एका लहान मुलीबरोबर आली. ताईने द्यायला सांगितलंय, एवढाच निरोप.

मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. ती मैत्रिणींना सोडून माझ्याकडे आली, पण चालणं थांबवलं नाही. मी बाजूने चालत राहिले.

"घरी इचारणारं कोणी नाई, हे कोणी सांगतलं तुमाले?"

मी म्हटलं, पत्रकात असं लिहावं लागतं, त्याशिवाय लोक हलत नाहीत. शिवाय तुझं नाव कुठेच नाही.

"फुलवालीची पोट्टी लिवलं ना. त्या कोपऱ्यावर फुलवाल्या कितीक हायेत?"

एकच आहे. मग तिने, रस्त्याकडे बघत, मला जे सांगितलं ते मला वर्षभरात कळायला हवं होतं. रोज संध्याकाळी मंडळातून गेल्यावर ती दुकानाच्या पाटावर बसून आईला धडा म्हणून दाखवते. आई हार ओवत ऐकते. लेक अडखळली, किंवा एखादी ओळ गाळली, की आईचा सुईचा हात थांबतो. धडा काय आहे ते आईला कळतंच असं नाही. पण काल म्हटलेलं आज तसंच आलं नाही, हे तिला बरोबर कळतं. लेक पुन्हा पहिल्यापासून म्हणते, हात पुन्हा चालू होतो.

बाईला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. पुढचं सगळं मी घरबसल्या ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माफी मागायला कोपऱ्यावर गेले. नवा कागद वाचून घ्यायची तिची अट मला ठाऊक होती. म्हणजे तिने सगळं ऐकलं असणार. शब्द मनात मांडून ठेवले होते. मुलगी शाळेतून नुकतीच आलेली, दप्तर बाजूला टाकून शेवंतीचे देठ तोडत होती. तिने वर पाहिलं नाही.

आईने मात्र मला बसायला पाट सरकवला आणि म्हणाली, "ताई, यावेळचा कागद लय चांगला लिवला तुमी."

मला वाटलं, टोमणा आहे. वऱ्हाडात टोमणा असाच मारतात, सरळ चेहऱ्याने. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. मी कसंबसं विचारलं, काय आवडलं?

तिने हातातला हार खाली न ठेवता म्हणून दाखवलं, पाढा म्हणावा तसं.

"फुलं इकणाऱ्या एका बाईची पोट्टी आठवीत हाये. तिची माय वाचत नाई, पण रोज तिचा धडा आयकते. पोट्टी चुकली का मायचा हात थांबते. मंडळात तिले एक ताई हाये, समजलं नाई थे इचाराले. बाकी पोट्ट्यायले ताई नाई. तुमी या."

शेवंतीचे देठ तुटायचे थांबले होते. मुलगी माझ्याकडे बघत होती. माझ्या ठळक अक्षरांवर नजर ठेवून तिने आईला हे वाचून दाखवलं होतं. न अडखळता, नाहीतर हात थांबला असता.

तोंडात आलेली माफी मी गिळली. ती मागितली असती तर मला बरं वाटलं असतं, बाकी कुणाला नाही. एवढंच म्हटलं, या गठ्ठ्याची शाई कच्ची आहे, फुलांना लागेल, मी बदलून देते. आई काही बोलायच्या आत मुलीने उरलेला गठ्ठा माझ्या मांडीवर आणून ठेवला.

चांगल्या प्रती वाटायच्या बाकी होत्या, त्या मी वाटल्या नाहीत. घरी बसून आईने म्हटलेलं आठवून आठवून लिहिलं, तिच्याच बोलीत. मंडळातल्या एक-दोघांनी नाकं मुरडली, शुद्ध मराठीत तरी लिहा म्हणाले. त्यांना मी जे उत्तर दिलं ते शुद्ध मराठीतच होतं.

नवा गठ्ठा घेऊन गेले. मुलीने वरचा कागद उचलला, एकदा डोळ्यांखालून घातला, आणि ती पहिल्यांदाच माझ्यासमोर वाचायला लागली. आई झेंडू ओवत होती. आठवी, माय, धडा, ताई. सुई चालत होती. शेवटच्या ओळीला थांबली.

"हे मांगच्या टायमाले नव्हतं."

मुलीने कागद पुन्हा पाहिला. "तुमी समाजासाठी या," असं लिवलंय म्हणाली. मग माझ्याकडे बघून, आईला: "ताईनं घातलं असंन."

मीच घातलं होतं. नुसतं 'तुमी या' मला उघडं वाटलं होतं.

"समाज कायले पाह्यजे त्यात," आई म्हणाली. "पोट्ट्यायसाठी बोलावून राहिलो ना?"

मी पर्समधून पेन काढलं. मुलीने दप्तरातून तिचं काढलं आणि अर्धा गठ्ठा स्वतःकडे ओढला. एकेका कागदावरचा तो एक शब्द खोडत आम्ही दोघी पाटावर बसलो. तिची रेघ सरळ यायची, माझी वाकडी. तिने दोनदा माझी रेघ पुन्हा ओढून दिली.

पाच वाजत आले तशी ती उठली, फ्रॉकवरचे देठ झटकले आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या. पोट्टे बाहेर उभे असतीन."