बाबांचा डावा हात

शेवटच्या भेटीत बाबांनी पलंगावरून डावा हात पुढे केला आणि मी त्यात पाण्याचा पेला दिला. त्यांनी तो घेतला, एक घोट प्यायले आणि पेला परत केला. मला लेकीला घेऊन सासरी जायला शाहपुरची बस गाठायची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बुऱ्हानपूरहून आईचा फोन आला… त्याला सात आठवडे झाले, पण तो पेला काही माझ्या हातातून सुटत नाही.

बाबा शाळेत गणित शिकवायचे, पण गाव त्यांना ‘स्काऊट सर’ म्हणूनच ओळखायचं. आजोबाही स्काऊटच. त्यांचा विटका स्कार्फ बाबांच्या गळ्यात आला होता. आमच्या घरात अक्षर गिरवण्याआधी गाठी मारायला शिकवत. परकराच्या नाडीवर मी पहिली गाठ शिकले, जवळच्या निंबोला गावातल्या केळीच्या बागेत तंबू ठोकायला शिकले. आणि स्काऊटच्या रिवाजाप्रमाणे बाबा दूधवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी डाव्या हाताने हात मिळवायचे. कुणी नाक मुरडलं की यांना चेवच यायचा. “ढाल डाव्या हातात असते. डावा हात द्यायचा तर आधी ढाल खाली ठेवावी लागते,” हे व्याख्यान मी हजारदा ऐकलं असेल.

माझ्या साखरपुड्यात सासऱ्यांनी हात पुढे केला आणि बाबांनी आनंदाच्या भरात डावा दिला. शाहपुरची जुनी शेतकरी मंडळी, शुभकार्य, आणि डावा हात!

“काय मास्तर, उजवा हात दुखू राहिला का?” सासऱ्यांनी विचारलं. बाबांनी तिथेही ढालीची गोष्ट सुरू केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे गेल्यावर मी त्यांच्यावर फणकारले, “तुमचं ते स्काऊटबिऊट शाळेत ठेवा. मला तर पुन्हा कधी डावा हात देऊ नका.”

“बरं बेटा,” एवढंच म्हणाले. आणि अकरा वर्षं त्यांनी तो शब्द पाळला. मी सासरी निघताना डोक्यावर हात ठेवायचे, तोही उजवा. मला वाटायचं, माझं ते बोलणं विसरले असतील… मीही कधी विचारलं नाही.

त्यांनी सगळी कसर माझ्या लेकीवर काढली. इरा सहा वर्षांची. सुट्टीत आजोळी गेली की आजोबांचा स्कार्फ तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबायचा, गच्चीवर खड्यांचे बाण मांडले जायचे, शिट्टीने शेजाऱ्यांची झोप उडायची. हिवाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी रडत होते, आणि इरा त्यांचा डावा हात हातात घेऊन म्हणाली, “आई, आजोबांचा स्काऊटवाला हात तर एकदम ठीक आहे ना!” बाबा अर्ध्या तोंडाने हसले.

बाबांचं दिवसकार्य झाल्यावर आईबरोबर त्यांचं कपाट आवरताना मी बोलून गेले, “निदान शेवटचं पाणी तरी माझ्या हातून प्यायले.”

इराने मान वर केली. “आजोबा पानी नव्हते मांगत. पानीसाठी ते अंगठा दाखवायचे. ते तर तुला शेकहँड करू राहिले होते.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस गं?”

“तू बोलली ना, बस निकल जाएगी.”

मी त्यांच्या घड्या केलेल्या सदऱ्यांत तोंड खुपसून रडले. अकरा वर्षांनी त्यांनी माझा हात मागितला होता. त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं, आणि मी पेला पुढे केला. आता कितीही वाटलं तरी तो हात मिळायचा नाही.

इरा यंदा शाळेच्या बुलबुल पथकात, म्हणजे छोट्या मुलींच्या स्काऊटमध्ये, गेली. आजोबांचा स्कार्फ चारदा दुमडून घालते. सकाळी रिक्षा आली की सासरे ओट्यावर तयार असतात, डावा हात पुढे करून. “मास्तरनं शेवटी मला बी शिकवलंच,” म्हणतात.

मग ती माझ्याकडे वळते आणि हात पुढे करते. माझ्या हातात तिची पाण्याची बाटली असते. ती मी आधी खाली ठेवते.