पसरणी घाटातली चेन

जालन्यात अंबड रोडवर काकांचं औषधांचं दुकान आहे. आमच्या सायकल सहलीचे म्होरके तेच, पण चालवायचे सगळ्यांच्या मागे. नाशिक आणि पुण्याच्या गर्दीतून त्यांनी आम्हाला सुखरूप नेलं. चौकाचौकात थांबून ते अनोळखी रिक्षावाल्यालाही "या, तुम्ही निघा आधी" म्हणायचे. चहा कुठे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "त्या वळणापल्याड." तिथे चहा कधीच नसायचा.

पसरणी घाटात माझा दम संपला. सायकल माझ्या दिवंगत पत्नीची होती आणि ती सोबतच्या सामानाच्या टेम्पोत चढवायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. उतरून ढकलू लागलो, तसे तेही उतरले. वर पोचलेल्या टेम्पोवाल्याचा काकांना फोन आला.

"सर थकले का? येऊ का खाली?"

"न्हाई रे, माझीच चेन सारखी पडून राह्यली. सर बिचारे माझ्यासाठी थांबले."

वर पोचल्यावर सगळे त्यांच्यावर तुटून पडले.

"काका, चेनीचं औषध न्हाई का दुकानात?"

"आणि हात तर बिलकुल साफ हायेत तुमचे."

काकांनी समोरच्या बशीतलं भजं उचलून तोंडात टाकलं.

"चेन मी बसवली ना," म्हणत मी माझे काळे हात दाखवले. पोचल्या पोचल्या मी ते त्यांच्या चेनीवरून गुपचूप फिरवून घेतले होते.