चाचा म्हणतील तेव्हा गरमी गेली

बहरैनचा उन्हाळा कधी संपला हे आमच्या कंपनीत चाचांचं मनगट ठरवत असे. सप्टेंबर अर्धा सरला की रोज दुपारी दोनच्या सुमारास चाचा ऑफिसच्या पँट्रीत यायचे, गार पाण्याचा नळ सोडायचे आणि त्याखाली उजवं मनगट धरून, डोळे मिटून मोजायला लागायचे. पाणी गच्चीवरच्या टाकीतलं. नाव गार, पण अंगावर घेतलं तर कातडी सोलवटेल असं. पाचपर्यंत मोजून झालं की हात झटकून चाचा बाहेर. पुढच्या आठवड्यात आठ. मग अकरा. ज्या दिवशी वीस आकडे होईपर्यंत हात तसाच राहिला, त्या दिवशी ते नळ बंद करून माझ्या टेबलापाशी येत आणि म्हणत, "भाऊ, खलास. गरमी गेली."

मी त्या कंपनीत व्हिसा, पासपोर्ट आणि रजा बघणारा कारकून होतो. पदाचं इंग्रजी नाव भारदस्त होतं, काम कारकुनाचंच. कंपनी एसी बसवायची आणि दुरुस्त करायची. चाचा तिथले सगळ्यात जुने मेकॅनिक, रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. नईम या वस्तीत कंपनीच्या खोलीत चौघांत एक अशी सव्वीस वर्षं काढलेली. खरं नाव फक्त मी रोज वाचत असे, कारण त्यांचा पासपोर्ट माझ्या कपाटात होता. बाकी सगळ्यांना, अगदी आमच्या लेबनानी मॅनेजरलासुद्धा, ते चाचाच.

मी पुण्याहून नवीन आलो तेव्हा जुलै होता. पहिल्याच दिवशी आंघोळीला गार पाण्याचा नळ सोडला आणि किंचाळत बाहेर आलो. शुक्रवारी आमच्याकडचा खिडकीतला एसी साफ करायला चाचा आले, तेव्हा त्यांनी आधी आमचा गिझर बंद केला. "उन्हाळ्यात गार पाणी गरम नळाला येतं, भाऊ. गिझर घरात असतो ना, सावलीत. टाकी बिचारी उन्हात. आता मी सांगेन तेव्हा गिझर लावायचा." त्या दिवसापासून आमच्या घरात ऋतू दोनच: गिझर बंद आणि गिझर चालू. मधल्या काळाला शरद म्हणायचं की काय, हा प्रश्न मलाच पडे. पुण्यात शरद म्हणजे पाऊस गेल्यावर पुन्हा चटके देणारं ऊन आणि कोजागिरीचं दूध. इथे चटके जायचे ते शरदातच.

माझी मुलगी मीरा तिथल्या शाळेत दुसरीत होती. पुस्तकात ऑटमचं चित्र होतं, लाल-पिवळी पानं गळणारं झाड. तसंच काढून आणायला सांगितलं होतं. चाचा एसीची जाळी धूत होते, त्यांना तिनं चित्र दाखवलं. चाचा म्हणाले, "हे कुठलं झाड, बाय? खजुराची पानं काय आपोआप पडत नायत. कापावी लागतात."

"बट चाचा, इन ऑटम लीव्हज हॅव टू फॉल."

"आमच्या गावाला या दिवसांत भात कापतात. पडत काय नाय, सगळं घरात येतं." मग जाळी झटकत म्हणाले, "मी पन तवाच घरात येतो." मीराला कळलं नाही. ती चित्रात तपकिरी रंग भरत राहिली. आता ती कॅनडात असते आणि दर सप्टेंबरच्या शेवटी लाल झाडांचे फोटो पाठवते. बायको ते शेजारच्यांना दाखवते. मी बघतो आणि बाजूला ठेवतो.

चाचा तेव्हाच घरी जात, कारण त्यांना त्याआधी जाताच येत नसे. कंपनीचा नियम होता: एसीच्या माणसाला एप्रिलपासून गरमी जाईपर्यंत रजा नाही. बाकीच्या महिन्यांत, तीही दोन वर्षांनी एकदा. सव्वीस वर्षांत चाचांनी स्वतःच्या झाडाचा आंबा झाडावर लटकलेला पाहिला नव्हता. घरातली लग्नं, सुंता, वाटण्या, सगळं नोव्हेंबरात ढकललेलं. त्यावर ते स्वतःच हसायचे. "भाऊ, माझी चारी पोरं ऑगस्टमधली. आता का ते तुम्हीच मोजा." आम्ही मोजायचो आणि हसायचो. पुढचं हसण्यासारखं नव्हतं. ऑगस्ट म्हणजे इथे हवेतल्या दमटपणाचा, रतूब्याचा कहर. सकाळी खिडकीच्या काचा बाहेरून घामाघूम, आणि शहरभर कंप्रेसर जळत असलेले. चारही बाळंतपणांना चाचा कुठल्या ना कुठल्या गच्चीवर होते. प्रत्येक पोर त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते चालायला लागल्यावर. "धाकटी मला बघून चुलीमागे पळाली," ते सांगत. "हिनं तिला ओढून आणली. बोलली, घाबरू नको, हा तुझा अब्बाच हाय, भात कापला की येतो."

रजा नेमकी कधी सुरू करायची हे चाचांवर सोपवायची पद्धतही आमच्या मॅनेजरचीच. एके वर्षी त्यानं कॅलेंडर बघून एक ऑक्टोबरलाच निम्मी माणसं सोडली आणि गरमी उलटून आली. एका हॉटेलात एसी बंद पडून लग्नात नवरीच्या तोंडावरचा रंग ओघळला म्हणे. तेव्हापासून तो दर शनिवारी सकाळी दारात उभा राहून विचारी, "चाचा, खलास?" आणि चाचा म्हणत, "मफी खलास, साहेब. अजून हाय." सनद गावाहून येणारा आमचा म्हातारा बहरैनी वॉचमन सांगायचा की पहाटे सुहेलचा तारा दिसला, आता गरमी मोडली. चाचा त्याचं ऐकून घेत आणि मला म्हणत, "तारा निघाला म्हणून गच्ची थंड होत नाय." आधीच्या वर्षी थांबलेले पंधरा-वीस जण चाचांच्या मनगटाकडे डोळे लावून बसलेले असत. ते एकदा 'गेली' म्हणाले की माझ्या टेबलावर फॉर्मांचा ढीग पडे. भारी गंमत वाटायची मला त्याची. रजांचा तक्ता माझ्या हातात होता ना.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे, त्या वर्षी तक्त्यात पहिलं नाव चाचांचंच होतं. ऑगस्टच्या शेवटी ते एक पत्र घेऊन आले. धाकट्या मुलीनं लिहिलेलं, शाळेतल्या वळणदार अक्षरात. अम्मीच्या पोटात पाणी होतंय, रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलंय, अम्मी म्हणते अब्बांना कळवू नको, ते ऑक्टोबरला येणारच आहेत. चाचांनी विचारलं, "काय करू, भाऊ? आता मिळेल काय सुट्टी?"

कंपनीच्या नियमांच्या पुस्तकात एक कलम होतं. घरी गंभीर आजारपण असेल तर कुठल्याही महिन्यात दहा दिवसांची तातडीची रजा. शिफारस माझी, त्यावर मॅनेजरची सही. पुस्तक इंग्रजीत होतं आणि माझ्या खणात होतं. ते कलम कामगारांना सांगायचं नाही, असा मॅनेजरचा तोंडी हुकूम होता. सांगितलं तर उन्हाळ्यात प्रत्येकाची आई आजारी पडेल, असं तो म्हणे, आणि मी त्याच्या विनोदाला हसत असे. त्या महिन्यात सीफ भागातल्या एका नव्या इमारतीचं काम अंगावर होतं आणि तिथल्या गच्चीवरची यंत्रं चाचांशिवाय कुणाला उमगत नव्हती. त्यांना सोडलं असतं तर मॅनेजरनं आधी मला आत बोलावलं असतं. माझ्या व्हिसाचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं. हे सगळं मी तेव्हा मनात मांडलं, आणि खोटं कशाला बोलू, फार वेळ लागला नाही.

मी म्हणालो, "चाचा, महिन्याभराचा तर प्रश्न आहे. तक्त्यात पहिलं नाव तुमचंच आहे."

ते म्हणाले, "इंशाल्ला." आणि पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

पण त्या वर्षी उन्हाळा हटेचना. सप्टेंबर गेला तरी मनगट सहावर अडकलेलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ. चाचा आता दिवसातून दोनदा पँट्रीत यायला लागले होते. मनगट लाल व्हायचं. एकदा मला राहवलं नाही. मी दार लोटून हळूच म्हणालो, "चाचा, एकदा म्हणून टाका गरमी गेली. साहेब नळाखाली हात धरून बघणार आहे का?"

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं. "आणि मग? मी जाईन, माझ्यामागून दहा जण जातील. राहिलेली पोरं दिवसरात गच्चीवर मरतील. परवा तो केरळचा पोरगा चक्कर येऊन पडला, तुम्हाला ठाऊक हाय. मी खोटा बोललो म्हणून मागं राहिलेल्या मानसांनी मरायचं काय?" मग आवाज उतरवून म्हणाले, "ही पन असंच बोलेल. थांबू या. आठ-दहा दिवसांचा प्रश्न हाय."

मी त्यांना खोटं बोलायचा सल्ला देऊ शकलो, पण खणातलं पुस्तक उघडू शकलो नाही. खोटं बोलले असते ते चाचा बोलले असते. सही मात्र माझी लागली असती. माणूस किती सोयीनं धीट होतो, हे मला त्या पँट्रीत कळलं. कळून काही केलं नाही, हे वेगळं.

त्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी ऑफिसात फोन आला. गावातल्या दुकानदाराचा होता, लाइनवर खरखर. चाचांची बायको पहाटे फजरच्या नमाजाच्या सुमारास गेली होती. दुपारपर्यंत माती द्यायची होती, थांबवता येणार नाही, एवढं फक्त त्यांना कळवा, असं तो म्हणाला. चाचा सीफच्या गच्चीवर होते. मी गाडी काढून गेलो. पाच मजले चढून वर गेलो तेव्हा ते एका यंत्राखाली उताणे पडून पाना फिरवत होते. फक्त पाय दिसत होते. मी खाली वाकून सगळं सांगितलं. पाना थांबला. मग पुन्हा फिरला, दोनदा, तीनदा. बोल्ट पूर्ण आवळून ते बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "किती वाजले?" मी सांगितलं, साडेदहा. त्यांनी बोटं मोजली. "म्हणजे तिथं एक वाजला. चला, नेत असतील."

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. वारा फिरायला अजून आठवडा अवकाश होता.

त्या दिवशी मात्र माझी धावपळ बघण्यासारखी होती. कपाटातून पासपोर्ट काढला, मॅनेजरची सही दहा मिनिटांत घेतली, त्याच संध्याकाळचं तिकीट मिळवलं. विमानतळावर स्वतः सोडायला गेलो. सही मिळायला दहाच मिनिटं लागली, याचं मला आजही आश्चर्य वाटत नाही. लाज वाटते.

चाचा परत आले ते डिसेंबरच्या सुरुवातीला, आणि व्हिसा कॅन्सल करायलाच. धाकटी बारावीला होती, घरी कुणी नव्हतं. "तिनं मला पावसाळ्यात कदी बघितलंच नाय," ते म्हणाले. "आता बघेल." नईमच्या खोलीतला पेटारा त्यांनी कंपनीतल्या पोरांत वाटून टाकला. जायच्या आदल्या शुक्रवारी ते आमच्या घरी आले. एसी बंदच होता, पण सवयीनं त्यांनी त्याची जाळी काढून धुतली. मग पिशवीतून पांढऱ्या कापडात शिवलेलं एक गाठोडं काढून माझ्या बायकोच्या हातात दिलं. तांदूळ होते.

"नवा हाय, वहिनी. पानी कमी घाला, नायतर गिच्च होईल. लावणी हिनंच केलेली, पोटात दुखत होतं तरी. कापायला मी होतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, तुम्ही त्या दिवशी धावपळ केली म्हणून मी तिसऱ्या दिवसाच्या फातिह्याला तरी पोचलो. हिच्या माहेरचे सगळे विचारत होते, कोण हा मानूस. मी बोललो, हाय आमचा एक पुण्याचा भाऊ. तुमच्या हातात असतं तर तुम्ही मला आधीच सोडलं असतंत, ते काय मला ठाऊक नाय?"

बोलायची वेळ ती होती. बायको आत तांदूळ ठेवायला गेली होती, मीरा अभ्यास करत होती, खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "चाचा, चहा घेणार ना?"

ते चहा घेऊन गेले. पुन्हा भेट झाली नाही. त्या घटनेला आता बरीच वर्षं झाली, चाचा असतील की नाही कोण जाणे. पत्ता माझ्याकडे आहे. असायचाच, सगळ्यांचे पत्ते माझ्याकडेच होते.

त्या रात्री जेवायला बायकोनं तोच तांदूळ लावला. पाणी बेतानं घातलं तरी भात जरा चिकटच झाला होता, पण घरभर वास सुटला होता. मीराला आवडला. बायकोनं विचारलं, अजून वाढू का. मी ताट पुढे केलं.