बाई खुर्चीत बसल्या

माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिका सोमवारी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मंगळवारीही बसल्या. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. नवरा म्हणतो, माणूस खुर्चीत बसणार नाही तर काय कपाटावर बसणार? पण ही खुर्ची तशी नाही.

बाई उंच, सडपातळ, ढांगा टाकत चालणाऱ्या. पूर्वी मोठ्या वर्गांना गणित शिकवायच्या, तेव्हा मुलांनी त्यांचं नाव ‘कंपासबाई’ ठेवलं. ते त्यांना माहीत आहे, आवडतंही. त्या वेळी त्या फार कडक होत्या, असं त्यांनीच एकदा पालकसभेनंतर जिन्यात सांगितलं. एक हुशार मुलगी अचानक नापास व्हायला लागली. बाईंनी भर वर्गात विचारलं, काय झालंय तुला? मुलगी म्हणाली, पोट दुखतंय. मग रोजच पोट दुखू लागलं. शेवटी तिने शाळाच सोडली. खरं काय झालं होतं ते बाईंना कधीच कळलं नाही. “मी विचारलं आणि तिने मला उत्तर दिलं,” त्या म्हणाल्या. “माझं समाधान होईल असं उत्तर.”

मग त्यांनी लहान मुलांचा वर्ग मागून घेतला. शिक्षकांच्या खोलीतली एक हात हलणारी खुर्ची उचलून खिडकीजवळ ठेवली. नियम एकच. ज्याला सकाळी जड वाटत असेल त्याने येऊन तिथे बसायचं. कुणी काही विचारायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही. बरं वाटलं की उठायचं, सांगावंसं वाटलं तर सांगायचं. पहिला तास सुरू होण्याआधी सगळा वर्ग थोडा वेळ गप्प बसतो. बाई म्हणतात, शरीर रिक्षाने येतं, मन मागून चालत येतं, त्याला दारातून आत येऊ द्या. बाकीचे शिक्षक त्या खुर्चीला सिंहासन म्हणतात. आज गादीवर कोण, असं हसत विचारतात. बाईही हसतात.

माझे सासरे गेले तेव्हा माझी मुलगी कित्येक दिवस त्या खुर्चीत बसत होती. मी घरी रोज खोदून खोदून विचारायची. रडलीस का, बाई काय म्हणाल्या, मैत्रिणी काय म्हणाल्या. नवरा म्हणे, तू पोलिसात हवी होतीस. पोरगी तोंडातून अक्षर काढेना. आणि एक दिवस तिने आपण होऊन वर्गाला आजोबांची नक्कल करून दाखवली, चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतानाची. मुलं हसली, मग ही रडली, मग डबा खाल्ला. हे मला बाईंनी नाही, तिनेच सांगितलं.

तर आता त्या खुर्चीत बाईच बसल्या. मुलांनी काय करावं? नियम पाळला. एकाने हजेरी घेतली, एकीने पाढे म्हणून घेतले, कुणी हूं की चूं केलं नाही. बुधवारी बाई उठल्या आणि भागाकार शिकवायला लागल्या. डोळे सुजलेले होते म्हणे. घरी हे सांगताना पोरीची मान अभिमानाने ताठ. आम्ही कुणीच विचारलं नाही, आई.

बाई त्यांच्या म्हाताऱ्या आईबरोबर राहतात, एवढंच मला माहीत आहे. आईंना दिसत नाही, संध्याकाळी पेपर वाचून दाखवावा लागतो. त्यांचं काही झालं असेल का? की नोकरीचं? ज्या खुर्चीची शाळेत थट्टा होते तिच्यात आपण का बसलो, हे त्या शाळेत कोणाशी बोलणार? आज संध्याकाळी मी मुलीला म्हटलं, मी बाईंना विचारते.

“विचारायचं नसतं,” ती म्हणाली. “तुला कितीदा सांगायचं?”

“अगं, तुम्ही बसता तेव्हा वर्गात बाई असतात. बाई बसल्या तेव्हा कोण होतं?”

“आम्ही होतो की.”

“तुम्ही लहान आहात. मोठ्या माणसाला मुलांसमोर रडता येत नाही.”

ती दप्तर भरत होती. वर न बघता म्हणाली, “माहितीये. आजोबा गेले तेव्हा तू बाथरूममध्ये नळ सोडून रडायचीस. मला ऐकू यायचं.”

मी विचारलं, मग तू आत का नाही आलीस? म्हणाली, तू कडी लावली होतीस ना.

ती झोपून बराच वेळ झाला. मी हे लिहीत बसले आहे आणि मला एवढंच कळतंय, की त्या वेळी कुणी कडी वाजवली असती तर मी चिडले असते, पण उघडली असती. मुलांनी त्यांचं काम चोख केलं. कडी वाजवणं हे त्यांचं काम नाही, माझ्या वयाच्या कोणाचं तरी आहे.

काय झालं म्हणून विचारणार नाही, तसं मुलीला सकाळी कबूल करीन. मी दुपारनंतर मोकळी असते, तुमच्याकडे येऊन आईंना पेपर वाचून दाखवीन, नाहीतर नुसती बसेन, एवढंच बाईंना सांगायचं. त्या नको म्हणाल्या तर नको. पण शाळेला निघायच्या आधी त्या घरीच असतात, तेव्हा मी फोन करणार आहे.