ओवशाची सुपं

उज्ज्वला गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरला भाजी घेत होते. "शुभा, ती गेली गं," एवढंच सुरेश, तिचा नवरा, म्हणाला. आजारी होतीच. तरी हातातली मेथीची जुडी परत ठेवली की तशीच घेऊन निघाले, ते आजही आठवत नाही. प्रभादेवीच्या त्यांच्या दोन खोल्यांत पोहोचले तर तिला हिरवी साडी नेसवून झाली होती. शेजारणी ओटी भरायला पुढे झाल्या, तेवढ्यात लालबागहून तिची सासू आली. दोघांनी धरून जिना चढवलेली. दारातूनच म्हणाली, "बाजूक व्हा. माझ्या सुनेची ओटी मी भरतलंय."

माझ्या सुनेची! हे ऐकायला उज्ज्वलाने सगळा जन्म काढला, आणि ऐकू आलं ते आम्हाला. तिच्या कानांत कापूस होता... म्हातारी ओक्साबोक्शी रडत होती. मला तिची कीव आली नाही, संतापच आला.

गिरगावातल्या शाळेपासून आम्ही मैत्रिणी. तिचे वडील कारकून, घर शिस्तीचं. तिथे तिला कुणी कधी मारलं नाही, आणि जवळही घेतलं नाही. ऑफिसात सुरेश भेटला. मालवणकडचा, लालबागच्या चाळीत वाढलेला, गिरणी कामगाराचा मुलगा. जात वेगळी. तिच्या घरच्यांनी संबंध तोडले. त्याच्या घरच्यांनी तोडले नाहीत, पण जोडलेही नाहीत. "काय पाहिलंस गं त्याच्यात?" मी विचारलं होतं. म्हणाली, "त्याच्यात नाही गं. तो माझ्याकडे बघतो ना, तेव्हा मी कुणीतरी असते." मला वाटलं, चला, मिळालं हिला हवं ते. पण एकाने होकार दिला की ही भूक भागत नाही, उलट चाळवते. ज्याने आपलं म्हटलं, त्याच्या आईनेही म्हणावं, त्याच्या देवानेही म्हणावं, असं तिला वाटायला लागलं.

त्यांच्यात नवी सून गौरीला ओवसा देते. पाच सुपांत फळं, पानं, खोबरं ठेवायचं, गौरीपुढे ओवाळायचं आणि घरातल्या मोठ्यांच्या हाती द्यायचं. त्यांनी ती सुपं घेतली की सून घरची झाली. लग्नाच्या वर्षीच उज्ज्वलाने लालबागच्या बाजारातून सुपं आणली, कडेला हळदीचं सूत गुंडाळलं. सासू म्हणाली, "पूर्वा गौर येवंदे, मगे बघूया." पहिला ओवसा गौर पूर्वा नक्षत्रात येते त्याच वर्षी करतात, हे खरंच आहे. हिने पंचांग पाहून वाट पाहिली. पूर्वा आली तेव्हा भावकीत सुतक निघालं. त्यानंतरच्या पूर्वा गौरीला धाकट्या दिराचं लग्न झालेलं होतं. जातीतल्या त्या नव्या सुनेचा ओवसा थाटात झाला, आणि उज्ज्वला आत वडे तळत होती. तिला सांगितलं, तुझा गावच्या गौरीपुढे करू. गावी कधी नेलंच नाही. आणि सुरेश? माणूस चांगला, पण आईसमोर तोंडाला कुलूप.

"फेकून दे ती सुपं," मी एकदा चिडून म्हटलं. "नवरा आहे ना तुझा? त्या म्हातारीच्या होकाराचं काय लोणचं घालायचंय?"

ती हसली. "तुला नाही कळायचं शुभे. कुणीतरी एकदा 'आत ये' म्हणावं, एवढंच."

मला खरंच कळलं नाही, अजूनही कळत नाही. माणसं प्रेमात का पडतात? एकटेपण जावं म्हणूनच ना? पण प्रेमात पडणं म्हणजे आपल्याला नाकारायचा हक्क आणखी चार माणसांना देऊन टाकणं, असंच मला आता वाटतं. उज्ज्वलाने तो हक्क देऊन टाकला आणि पुन्हा मागून घेतला नाही. दरवर्षी गौरीच्या आधी ती माळ्यावरून सुपं काढायची, पुसायची, जुन्या सुतावर नवं सूत गुंडाळायची, आणि परत ठेवून द्यायची. शेवटच्या वर्षी आजाराने तोल जात होता, म्हणून स्टूल मी धरलं होतं.

तेरावं झाल्यावर मी भेटायला गेले. सासू अजून तिथेच होती. "सुरेश, सूप खंय आसा रे? तांदूळ पाखडूचे आसत," तिने विचारलं. सुरेशने माळ्यावर हात घातला आणि हाताला लागलं ते काढून दिलं. बाप्या माणूस, त्याला सूप ते सूप. म्हातारीने तांदूळ ओतले, दोनदा पाखडले आणि थांबली. सुपाच्या कडेला तिच्या बोटांना सूत लागलं. थरावर थर, जाडजूड, आतलं काळवंडलेलं, वरचं अजून पिवळं. ती नखाने एकेक थर चाचपत राहिली.

"ह्या सूप ओवशाचा," ती हळूच म्हणाली. सुरेशने मान खाली घातली.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ती म्हणाली, "औंदा पूर्वा आसा."

तांदूळ तसेच सुपात राहिले. त्या दिवशी आम्ही बाहेरून जेवण मागवलं.