भाऊ होता, आता फादर आहे

किश्श्यांचं आणि शिवणाच्या चिंध्यांचं एकच. टाकवत नाहीत म्हणून ठेवाव्यात, तर बघता बघता पेटी भरते. माझी पेटी भरली बडोद्याच्या कँपाकडच्या सिस्टरांच्या घरात. मी तिथं मुलींना शिवण शिकवायची. महाराजांच्या राज्यात मुलींनी शिकायलाच हवं असा हुकूम, त्यामुळे मला मास्तरीण व्हायला घरातूनही कुणी अडवलं नाही.

ते घर काढलं वसईकडच्या फादर इनासनी. अनाथ मुली सांभाळायच्या आणि सिस्टरांचा एक नवा संघ उभा करायचा, हे त्यांचं वेड. बिशपसाहेबांची मंजुरी तेवढी यायची होती. आणि घराच्या प्रमुख मदर रोजा म्हणजे फादरची सख्खी थोरली बहीण! इथूनच सगळी भानगड.

*

माझे यजमान हुजूर कचेरीत कारकून. पहिल्याच भेटीत त्यांनी फादरना विचारलं, "भाऊ संस्थापक, बहीण मदर! आमच्या कचेरीत याला वशिला म्हणतात. तुमच्यात काय म्हणतात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फादर शांतपणे म्हणाले, "मी देवाची इच्छा म्हणतो. पण बिशपसाहेब तुमचाच शब्द वापरतात!"

*

हा डाग नको म्हणून मदर भावाला 'फादर' आणि 'आपण' याखेरीज हाक मारत नसत. एकदा खंडेराव मार्केटात आम्ही तिघं वांगी घेत होतो. भाजीवालीनं दोघांची नाकं निरखली.

"बेन, आ तमारा भाई छे ने?"

"भाई हतो," मदर वांगं दाबून बघत म्हणाल्या, "हवे फादर छे."

भाजीवालीला काय वाटलं कोण जाणे. तिनं दोन वांगी वर टाकली!

*

फादरांचा जीव सदा टांगणीला. बिशपांचं एक पत्र आलं की फादरनं सामान बांधून सांगतील त्या गावी जायचं, अशी त्यांच्यातली रीत. त्यामुळे त्यांची ट्रंक कधी पुरती उघडलेलीच नव्हती. पोस्टमन फाटकाशी दिसला की ते झारी घेऊन गुलाबाला पाणी घालू लागत, म्हणजे पत्र दुसऱ्या कुणीतरी आधी घ्यावं. श्रावणात एकदा भर पावसात घातलं!

मदर ओसरीवरून ओरडल्या, "फादर, गुलाब बुडेल! पत्र वाचा!"

पत्र मेणबत्तीवाल्याचं निघालं. पण त्या दिवशी फादर जेवले नाहीत. मलाही त्या घरात हळूहळू तीच सवय लागली. फाटक वाजलं की सुई बोटात जायची.

*

त्यांच्यात कुमसार असतो. जाळीआड गुडघे टेकून फादरना आपली पापं सांगायची, फादर प्रायश्चित्त सांगतील ते लगेच उठून करायचं. बहुधा तीन प्रार्थना. बाकीच्या सिस्टर फादर इनासकडे जात. मदर मात्र नाही! त्या आणंदहून दोन-तीन महिन्यांनी येणाऱ्या म्हाताऱ्या फादरांची वाट बघत.

मी एकदा न राहवून विचारलं.

"लहानपणी याच्या चोऱ्या मी झाकल्या," त्या म्हणाल्या. "आता माझी पापं यानं ऐकायची? हा कुठला न्याय, बाई?"

मग कळलं. एका नाताळात इनूनं, म्हणजे लहानग्या इनासनं, डब्यातल्या नेवऱ्या पळवल्या. नेवरी म्हणजे आपली करंजीच. बाप छडी घेऊन उभा राहिला, तेव्हा ही पुढं झाली. "मी खाल्ल्या!" हिनं मार खाल्ला आणि हा ओठांना लागलेली साखर घेऊन गप्प उभा.

"तेव्हा बोलला नाही. अजून बोललेला नाही. तेव्हापासून नेवरी मी तोंडाला लावलेली नाही."

हसत हसत सांगत होत्या, पण डोळे हसत नव्हते.

*

शेवटी नाताळच्या तोंडावर पत्र आलंच. संघाला मंजुरी! पण खाली एक ओळ होती: बहीणभावांनी एका ठिकाणी राहू नये, दोघांपैकी एकानं जावं.

फादरनी लिहिलं, "मी जातो." मदरनी त्यांना न सांगता लिहिलं, "मी जाते. घर त्याचं आहे." दोन्ही पत्रं बिशपसाहेबांच्या हातात एकाच टपालानं पडली.

उत्तर आलं: "भावंडांची भांडणं मिटवायला मी तुमची आई नाही. फादरनं जावं. कराची."

ज्यानं घर उभं केलं, त्यालाच घराबाहेर! मला फार राग आला होता. मदर मात्र दिवसभर घरभर नुसत्या फिरत होत्या, झाडलेल्या खोल्या पुन्हा झाडत होत्या.

*

फादर निघायच्या आदल्या सकाळी सिस्टर कुमसाराला रांगेत बसल्या. मी स्वयंपाकघरात मुलींबरोबर नेवऱ्या तळत होते. दारातून देवघर दिसायचं.

रांगेच्या शेवटी मदर येऊन बसल्या.

मुलींनी एकमेकींना कोपरं मारली. आणंदचे फादर पुढच्याच आठवड्यात यायचे होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मदर जाळीआड गेल्या. दोन घाणे तळून झाले तरी बाहेर येईनात. शब्द कळत नव्हते, पण आवाज जास्त वेळ बाईचा नव्हता.

आधी फादर बाहेर आले. रुमाल तोंडावर धरून सरळ गुलाबाकडे गेले. झारी न घेता.

मग मदर आल्या. आता गुडघे टेकतील, तीन प्रार्थना म्हणतील म्हणून सगळ्या वाट बघत होत्या. त्या न थांबता स्वयंपाकघरात आल्या, परातीतली एक गरम नेवरी उचलली आणि उभ्या उभ्या सगळी खाल्ली.

माझ्या पदराला हात पुसायला वाकल्या, आणि म्हणाल्या, "बाई, साखर जरा कमी पडलीय."