पाटीची तब्येत

रोज सकाळी ते सदऱ्याच्या बाहीने पाटी पुसायचे, 'अपघाताविना दिवस' या अक्षरांपुढे कालच्यापेक्षा एकने मोठा आकडा लिहायचे आणि मला म्हणायचे, "पाटीनी तब्येत चांगली शे, भाऊ."

तुम्हीही कुठल्यातरी फाटकावर अशी पाटी पाहिली असेल.

तळोदा रस्त्यावरच्या त्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मी कारकून होतो आणि ते मुकादम. सगळे त्यांना आप्पा म्हणत. बायको गेल्यावर कळसाडीचं घर भावाला सोडून ते आवारातल्याच एका खोलीत राहायला आले. यंत्रं थांबली की तिथे ते आणि कबुतरं. रविवारी डोकावलो तर उठू देत नसत. "बस ना भो, चहा ठेवस."

आमचा विमा असा होता, की वर्षभरात अपघाताचे दावे कमी झाले तर पुढचा हप्ता कमी. परदेशात कुठे अशी सवलत असते, कुठे सगळ्यांना सारखाच हप्ता. सवलतीमुळे सुरक्षेच्या जाळ्या यंत्रांना बसतात की तोंडांना, यावर विद्वान भांडतात म्हणे. आमच्याकडे वाद नव्हता. आमचे सगळे अपघात घरी होत.

एकदा पाहुण्यांनी पाटीला हार घातला. फोटोत पाहुणे आले, पाटी आली आणि ती धरणाऱ्या आप्पांची बोटं आली.

सातपुड्यातून कामाला आलेल्या एका पावरा आदिवासी बाईचा पाय कापसाच्या गाठीखाली चेपला. नोंदवहीत आम्ही लिहिलं, 'घरी लागले.' तिने मोडक्या मराठीत विचारलं, "घर डोंगरात. गाठ तिथे कशी गेली?" मॅनेजर हसले. आप्पा हसले नाहीत, पण तिच्या अंगठ्याला शाई त्यांनीच लावली.

पुढच्या हंगामात अडकलेला कापूस काढताना आप्पांचाच उजवा हात रोलरमध्ये गेला. दोन बोटं गेली. 'कारखान्यात' अशी नोंद झाली तरच भरपाई मिळणार होती. दवाखान्यातून ते थेट माझ्या टेबलासमोर येऊन बसले. माझ्यामागे मॅनेजर उभे.

"घरीच लिहा," मॅनेजर म्हणाले.

"मशीनवर लिख, भाऊ," आप्पा म्हणाले. "तू देखं शे ना."

मी पाहिलं होतं. मी 'घरी' लिहिलं.

त्यांनी वाकून तो शब्द वाचला. "बरं जायं," ते म्हणाले. "कागदवर तरी मन्हं घर शे."

हंगाम संपल्यावर त्यांची खोली रिकामी करून घेतली, पुढच्या हंगामाला परत बोलावलं नाही. मी कळसाडीला जाऊन आलो. त्यांचा भाऊ म्हणाला, "आठे नही उना." आप्पा तिथे आलेच नव्हते; त्याहून जास्त कोणालाच माहीत नव्हतं.

त्यांच्या खोलीत आता बारदान भरलं आहे. पाटी माझ्याकडे आली. रोज सकाळी पुसतो, आकडा एकने वाढवतो. तब्येत चांगली आहे. सांगायला कोणी नाही.